जखमेचे नकाशे

ताईच्या डाव्या पायाला मी सव्वीस वर्षं पट्टी बांधली. रोज संध्याकाळी सहाला. माझ्या लग्नाच्या दिवशी तेवढी चारला बांधली, कारण सहाला मी कामात होतो. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. एके काळी कौतुकानंच सांगायचो, ज्याला त्याला रस्त्यात थांबवून सांगायचो, आणि तिथंच सगळं बिघडलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला वाढवलं तिनंच, आणि वाढवताना लागतील तेवढे फटकेही तिनंच दिले. ती धुलाईच्या कारखान्यात होती. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी गठ्ठ्यांनी यायच्या आणि ती वाफेच्या इस्त्रीवर दिवसभर उभी असायची. एका दुपारी त्या यंत्राचा नळ जोडातून निखळला आणि वाफ तिच्या डाव्या पायावर बसली, घोट्याच्या वर, बाहेरच्या बाजूनं मागं पोटरीपर्यंत. तेव्हा ती बत्तीसची होती. मी तेवीसचा होतो आणि माझा उद्योग म्हणजे कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसून जगाच्या चुका काढणं.

इस्पितळात तिच्या मांडीची कातडी काढून दोनदा तिथं लावली. दोन्ही वेळा बरीचशी धरली, पण मधली तळहाताएवढी जागा काही केल्या भरेना. तिसऱ्यांदा लावू म्हणाले तेव्हा ताई म्हणाली, "मांडी आहे ही माझी, कापडाचा तागा नाही," आणि घरी निघून आली. मग रोजची पट्टी कोण करणार? तिथल्या एका म्हाताऱ्या ड्रेसरनं मला दोन आठवडे शेजारी उभं करून शिकवलं. चिमटा कसा धरायचा, गॉज कसा भिजवून सोडवायचा, दुखत असताना माणसाशी काय बोलत राहायचं. माझा हात हलका निघाला. मलाच नवल वाटलं, कारण तोवर माझं काहीच चांगलं निघालं नव्हतं. म्हाताऱ्यानंच मला एका दवाखान्यात चिकटवून दिलं.

"लोक स्वतःच्या पायावर उभे राहतात," ताई येईल त्याला सांगायची. "आमचे हे चिरंजीव माझ्या पायावर उभे राहिले."

दवाखान्यात मला मास्तर म्हणतात. शिकवत मी काही नाही, नकाशे काढतो म्हणून मास्तर. जुन्या एक्स-रेच्या फिल्म गरम सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवल्या की वरचा काळा थर सुटतो आणि निळसर, आरपार दिसणारी फिल्म उरते. जखमेवर आधी स्वच्छ पातळ प्लास्टिक टाकायचं, त्यावर ही फिल्म धरायची आणि जखमेच्या काठाकाठानं पेन फिरवायचं. खाली तारीख घालायची. मग फिल्म आलेखाच्या कागदावर ठेवून आत किती चौकोन बसतात ते मोजायचे. पुढच्या महिन्यात चौकोन कमी झाले की जखम भरतेय, वाढले की बिघडतेय. डॉक्टर बदलले, साहेब बदलले, पण माझी पद्धत कुणी बदलली नाही. साखरेच्या आजारानं पाय कुजलेली माणसं माझ्यासमोर बसून रडायची. त्यांना मी दोन फिल्म एकमेकींवर ठेवून दाखवायचो, "हे बघा, गेल्या महिन्यात इथवर होती, आता इथवर आलीय." माणूस डोळे पुसून घरी जायचा. मला वाटायचं, औषधाचं अर्धं काम माझं पेनच करतं.

ताईच्या फिल्म एका जुन्या सुटकेसमध्ये होत्या, महिन्याला एक अशा तीनशेच्या वर. एक तारखेला नवा नकाशा निघाला की ती तो खिडकीशी धरायची आणि म्हणायची, "या महिन्यात बेडूक झालाय बघ. गेल्या महिन्यात बदक होतं." छत्तीस चौकोन, चव्वेचाळीस, चाळीस, परत छत्तीस. पंचवीस वर्षं ती जखम त्याच्याच आसपास घुटमळत राहिली. ना मिटली, ना फार पसरली. कडेची कातडी कायम लाल, कायम सुजलेली, आणि पट्टी सोडली की हाताला ऊब लागायची. गारठ्याच्या दिवसांत ताई म्हणायची, "शेगडी आहे ही. घे, हात शेकून घे." आम्ही दोघं हसायचो. सव्वीस वर्षं पेटत्या शेगडीवर हसत बसलो आम्ही, आणि आत काय शिजतंय ते बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या वर्षी आकडे उतरायला लागले. अडतीस, पस्तीस, एकतीस, सत्तावीस. मी दोन-दोनदा मोजले. चार महिन्यांत एवढी जखम आयुष्यात कधी भरली नव्हती. काठ आत सरकत होता. जाड झाला होता, थोडा वर आला होता, दाणेदार दिसत होता आणि गॉज लागला तरी रक्त यायचं. पण लाल मांस म्हणजे जिवंत मांस, असं म्हाताऱ्यानं मला शिकवलं होतं. फार वर आलं की मी सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावून ते जाळून खाली बसवत होतो, दवाखान्यात लावतो तशीच. सत्तावीस आकडा आला त्या संध्याकाळी ताईनं मला केक आणायला लावला. केक कापताना ती म्हणाली, "साठीच्या आत भरली तर मी मोजे घालीन. दोन्ही पायांत. सारखे." गेल्या पंचवीस वर्षांत तिनं जोडीचे मोजे घातले नव्हते.

माझ्या बायकोनं मात्र एकदा शर्ट धुवायला टाकताना नाक मुरडलं.

"तुमच्या शर्टाला हल्ली वेगळाच वास येतो."

"पंचवीस वर्षांनी आज तुला वास आला होय?"

"नेहमीचा मला पाठ आहे. हा तो नाही."

मी तिला उडवून लावलं. जखमांचा वास कुणी मला शिकवावा, आणि तोही घरात बसून? आता सांगायला लाज वाटते, पण जे होतं ते हे असं होतं. माझ्या नाकाला तो वास लागतच नव्हता. रोज थोडा थोडा बदलला असणार, आणि मी रोजच तिथं होतो.

त्याच सुमाराला आमच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वय जेमतेम अठ्ठावीस. ताईला मी रक्तदाब तपासायला घेऊन गेलो होतो. बाईंनी पट्टीकडं पाहिलं आणि सोडायला सांगितली. वाकून, नाकाशी रुमाल न धरता, बराच वेळ बघितलं. मग ताईला बाहेर बसवून मला आत थांबवून घेतलं.

"मास्तर, हा काठ मला आवडत नाही. एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"बाई, ही जखम भरतेय. आत्ता कशाला तिला नख लावता?"

"जुन्या भाजल्याच्या जखमेत कधी कधी कॅन्सर होतो. पंचवीस वर्षं झालीत म्हणता ना?"

माझं टाळकं फिरलं. ही पोर माझ्या नोकरीएवढ्या वयाची, आणि मला जखम शिकवते! मी म्हटलं, "उद्या या वेळेला पाच मिनिटं द्या मला." दुसऱ्या दिवशी चार महिन्यांच्या चार फिल्म नेल्या आणि त्यांच्या एक्स-रे बघायच्या दिव्यावर एकीवर एक लावल्या. चार रेघा, एकीच्या आत एक, विहिरीच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या. "कॅन्सर असता तर जखम वाढली असती ना? बघा. अडतीसवरून सत्तावीस." बाईंनी चारही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुमचा हात एवढ्या वर्षांचा आहे. बरं. दोन महिन्यांनी परत दाखवा मला."

दोन महिन्यांनी मी ताईला नेलं नाही. नुसती फिल्म नेली. बावीस चौकोन. बाईंसमोर पन्नास माणसांची रांग होती. त्यांनी फिल्म बघून मान हलवली.

आणि पहिल्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या ताईनं मला विचारलं होतं, "काय म्हणाल्या रे?" तेव्हा मी म्हटलं होतं, "छान चाललंय म्हणाल्या."

त्याला आठ महिने झाले आणि एका संध्याकाळी पट्टी सोडताना काठातून रक्त आलं ते थांबेचना. वीस मिनिटं दाबून धरलं. माझी बोटं बधिर झाली, ताईचे ओठ पांढरे पडले. रिक्षा करून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जननं रक्त थांबवलं आणि कुणालाही न विचारता काठाचा तुकडा काढून घेतला. सहा दिवसांनी आम्हाला बोलावलं. कॅन्सर होता.

सर्जन पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. टेबलावर कोपरं टेकून तो ताईशीच बोलला, माझ्याशी नाही, हे मला तेव्हाही बरं वाटलं.

"जखम उघडी राहिली की शरीर तिथं दुरुस्तीला फौज पाठवतं. लाली, सूज, ऊब, ती सगळी त्या फौजेची. काम संपलं की फौज परत जायला हवी. तुमच्याकडं सव्वीस वर्षं ती हललीच नाही. रोज मोडतोड, रोज दुरुस्ती, रोज नव्या पेशी. एवढ्या वर्षांत एखादी पेशी थांबायचं विसरली, तिचा हा कॅन्सर."

"बाहेरून काढून टाकता येणार नाही का?" ताईनं विचारलं.

"हाडापर्यंत गेलाय. आणि असल्या जुन्या सुजेतून आलेला कॅन्सर साध्या कातडीच्या कॅन्सरपेक्षा दांडगा असतो, लवकर पसरतो. तुमच्या रक्तात सुजेचा आकडा फार वर आहे, प्रथिन खाली गेलंय. असे आकडे असलेले पेशंट सावरायला जड जातात, हे आम्ही नेहमी बघतो. ती जखम अंगावर आहे तोवर ही सुजेची आग विझणार नाही आणि त्या आगीवर कॅन्सरचं फावतंय. गुडघ्याच्या खाली पाय काढायला हवा. पंधरा दिवसांच्या आत."

ताईनं पिशवीतून शेवटची फिल्म काढली. ती घेऊन आली होती हे मला माहीत नव्हतं.

"चौदा चौकोन राहिलेत, डॉक्टर. अडतीस होते. माझा भाऊ मोजतो. भरत आलेली जखम आणि तुम्ही पाय कापा म्हणता?"

सर्जननं फिल्म उजेडात धरली, मग माझ्याकडं पाहिलं. त्या माणसाला एका नजरेत सगळं समजलं. फिल्म त्यानं ताईला परत दिली, तीही नीट, दोन्ही हातांनी. "तुमच्या भावाशी बोलून ठरवा," म्हणाला.

घरी आल्यावर ताई पलंगावर बसली. तिची खोली धुलाईच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दिवसभर साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास येतो. पाय अधू झाल्यावरही तिनं काम सोडलं नव्हतं. उंच स्टुलावर बसून ती घरी लोकांच्या साड्या, शर्ट इस्त्री करायची. त्या स्टुलाकडं बघत ती म्हणाली, "मी कुणाचं ऐकणार नाही. तू काप म्हणालास तर कापू."

"ते एवढं सांगतायत तर—"

"ते सांगतायत. तू काय म्हणतोस? तुझे नकाशे काय म्हणतात?"

माझे नकाशे खोटं सांगत होते. इस्पितळाच्या जिन्यातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. पण नकाशे खोटे म्हणायचं तर का खोटे ते सांगावं लागणार, ते सांगायचं तर दिव्यावर लावलेल्या चार फिल्म सांगाव्या लागणार, आणि मग बाकावरचं ते 'छान चाललंय' सांगावं लागणार. ते ऐकल्यावर माझ्या शब्दाला तिच्यापाशी काय किंमत उरणार होती? आणि माझ्या शब्दाशिवाय ती पाय देणार नव्हती. मी म्हटलं, "दोन दिवस विचार करू."

दोनाचे नऊ झाले. रोज सहाला मी जात होतो, ट्रे मांडत होतो, पट्टी सोडत होतो. जिना चढताना शब्द तयार असायचे आणि तिनं दार उघडलं की गिळले जायचे. पंधरातले नऊ दिवस मी माझ्या इभ्रतीवर उडवले. दुसऱ्या कुणाच्या भावानं असं केलं असतं तर मी त्याला चपलेनं मारला असता. आठव्या दिवशी तारीख एक होती. ताई म्हणाली, "नकाशा?" मी काढला. अकरा चौकोन. "अकरा!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिथं बसवेना.

नवव्या दिवशी मी ट्रे मांडलाच नाही. तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर मळलेली कणीक झाकून ठेवली होती, ती घेतली, आणि एक रिकामी खोलगट ताटली घेतली.

"हे काय? पोळ्या लाटतोस की काय?"

"बघ फक्त." ताटलीवर फिल्म धरून मी आतल्या खोलगट भागाच्या काठानं पेन फिरवलं. मोठा गोल आला. मग कणकेची जाड वळी करून ताटलीच्या कडेला आतून दाबत गेलो, वर उंच ढीग आणि आतल्या बाजूला झुकलेला. परत फिल्म धरली, परत पेन फिरवलं. लहान गोल आला. दोन्ही गोल तिच्यासमोर धरले.

ताईनं फिल्म हातात घेतली नाही. ती ताटलीकडं बघत होती. शाळा तिची सातवीत सुटली, पण तिला कधी दोनदा सांगावं लागलं नाही.

"भरली नाही," ती म्हणाली. "ढीग वाढलाय."

"हो."

"तू फक्त भोक मोजत होतास."

"हो. काठाची उंची मोजायला हवी होती. मला सुचलं नाही, आणि ज्यांना सुचलं त्यांचं मी ऐकलं नाही." मग मी सगळं सांगितलं. तुकडा काढू म्हणालेल्या डॉक्टरीणबाई, दिव्यावर लावलेल्या फिल्म, आठ महिने. सांगताना मी जमिनीकडं बघत होतो. तिच्या पायाकडं बघायचं मला धाडस नव्हतं.

"मी बाहेर बाकावर बसले होते," ताई म्हणाली. "तू आलास आणि म्हणालास, छान चाललंय म्हणाल्या."

"हो, ताई."

खाली कारखान्यातली पाळी सुटल्याचा भोंगा झाला. बायका बोलत, हसत जिन्यावरून उतरल्या, ते आवाज रस्त्यापर्यंत गेले आणि विरले. ताईनं ताटलीतली कणीक बोटांनी खरवडून गोळा केली आणि परत भांड्यात टाकली. अन्न वाया घालवणं तिला कधीच जमलं नाही.

"उद्या त्या सर्जनला फोन कर," ती म्हणाली. "कापा म्हणावं."

मी ट्रे घ्यायला उठलो.

"ठेव तो. आज मी बांधते."

सव्वीस वर्षांत तिनं स्वतः पट्टी बांधली नव्हती. हात पुरत नव्हता, गॉज सरकत होता, बँडेजच्या गुंडाळ्या सैल पडत होत्या. दोनदा तिच्या तोंडून कळ निघाली. मी तीन हात अंतरावर बसलो होतो आणि माझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. ती शेवटची गाठ मारेपर्यंत मी बसलो आणि मग घरी गेलो.

पाय काढला. इस्पितळात पट्ट्या नर्सनं केल्या, घरी आल्यावरही एक दिवसाआड एक नर्सच येऊ लागली. मी सहाला जायचो. ताई "ये" म्हणायची, चहा द्यायची, माझ्या बायकोची चौकशी करायची. उरलेल्या पायावर चादर असायची. ती चादर तिनं माझ्यासमोर कधी दूर केली नाही. रागावली असती, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पाहुण्याशी बोलावं तशी माझ्याशी बोलत होती. घरी येऊन मी जेवणाच्या ताटावर रडलो, आणि बायकोनं वासाचं नावही काढलं नाही, ही तिची मेहेरबानी.

अठराव्या दिवशी टाके काढले. जखम कोरडी, स्वच्छ, रेघेसारखी मिटली होती. सव्वीस वर्षांत ताईच्या अंगावरची भरून आलेली ही पहिली जखम, आणि तिला मी हात लावला नव्हता. रक्तातला सुजेचा आकडा ब्याण्णववरून अकरावर आला. सर्जन ताईसमोर हसून बोलला. बाहेर जिन्यापाशी मला म्हणाला, "जांघेतल्या गाठींत कॅन्सर सध्या दिसत नाही. गुडघ्यामागं गाठ येते का, लक्ष ठेवा. त्या आठ महिने आधी आल्या असत्या तर मी तुम्हाला हे सांगितलं नसतं." त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. तो फक्त हिशेबानं बोलत होता.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं जाऊन सांगितलं. वाटलं, झाडतील. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे ना, मास्तर? मी का ऐकलं तुमचं?" मी अजून नकाशे काढतो, लोकांना त्याचा धीर वाटतो. पण आता काठावर आडवी काडी धरून उंची मोजतो आणि फिल्मच्या कोपऱ्यात लिहितो. काठ जरा वर दिसला की पेशंट थेट बाईंच्या टेबलाशी. पूर्वीचे पेशंट चेष्टा करतात, मास्तर भित्रे झाले म्हणतात. झालोच आहे.

ताई पुन्हा इस्त्रीवर बसायला लागली होती. स्टूल थोडं बुटकं करून घेतलं होतं. ऑपरेशनला तीन महिने झाले असतील. मी सहाला गेलो तर इस्त्री बंद होती आणि शर्टांचा गठ्ठा तसाच पडला होता. चहाही ठेवलेला नव्हता.

"दार लाव," ती म्हणाली. "इकडं बस."

मी पलंगाशी बसलो. तिनं चादर दूर केली. गुडघ्याखाली उरलेला पाय, त्याला आकार यावा म्हणून बांधलेलं ताणाचं बँडेज, एका बाजूला सैल पडलेलं. तिनं ते स्वतः सोडलं आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. एवढा हलका होता तो.

"गुडघ्यामागं हात लाव. मधोमध."

मी हात लावला. लगेच लागली. शोधावीच लागली नाही.

"नकाशा नको काढूस," ताई म्हणाली. "काय आहे ते सांग. सगळं सांग."

समोर इस्त्रीच्या टेबलावरचं जळकं कापड दिसत होतं. एका क्षणात मला तिला सांगण्यासारख्या दहा गोष्टी सुचल्या. बँडेज घट्ट बसल्यानं येते कधी कधी. टाक्याची गाठ असेल. सुजेची असेल. सव्वीस वर्षं मी दुखणाऱ्या माणसांशी बोलत आलोय, मला काय सुचणार नाही?

"गाठ आहे," मी म्हटलं. "सुपारीएवढी. वर आलेली आहे, अर्धं बोट. टणक आहे, दाबली तरी हलत नाही. शेजारी अजून एक आहे, लहान." तिनं मान हलवली. मी पुढं म्हटलं, "चांगली नाही वाटत, ताई."

"मला आठ दिवसांपूर्वी लागली. तुला सांगू की नको, करत होते." ती खिडकीकडं बघत होती. "तू परत छान आहे म्हणाला असतास, तर मी तुला जिन्यावरून खाली ढकलला असता."

"ढकलायलाच पाहिजे होतं. आधीच."

"एका पायावर कसं ढकलणार?" ती म्हणाली, आणि हसली, आणि हसताना तिचा चेहरा वाकडा झाला. मग ती रडली. उरलेला पाय माझ्या मांडीवर, माझा हात गुडघ्यामागं तसाच, आणि आम्ही दोघं रडत होतो. मोजे तिनं कधीच घेतले नव्हते, एवढंच सारखं माझ्या डोक्यात येत होतं.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं.

"उद्या सकाळी जाऊ इस्पितळात."

"जाऊ. मी रजा टाकतो."

"आणि हे बँडेज बांध नीट. त्या नर्सला काही जमत नाही, रात्री सुटतं."

सहा वाजून गेले होते. मी उठलो आणि हात धुऊन आलो.